ट्रॅव्हल ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच घ्यायलाच लागतो का?

फिरस्ता_टेक्सास:
नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेत ट्रेलर ओढणारं कोणी आहे का? आम्ही ओळखीतून एक वापरलेला २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलाय. ब्रोशरमध्ये रिकामं वजन ४८०० पाउंड, भरून जास्तीत जास्त ६२००, आणि हिच वेट (ट्रेलरच्या तोंडाचं जोडणीवर पडणारं वजन) ५२० लिहिलंय. ट्रक फोर्डचा एफ-१५० पिकअप, क्रू कॅब (सीटच्या दोन ओळी), बेड म्हणजे मागचा हौदा छोटा. परवा सामान भरून नुसत्या बॉलवर (ट्रकमागच्या जोडणीच्या गोळ्यावर) जोडून घराजवळ एक चक्कर मारली तर मागचा भाग खाली बसला आणि नाक आभाळात, समोरचे सगळे हेडलाइट मारून शिव्या घालत होते आणि साठच्या वर गेलं की स्टिअरिंग इतकं हलकं वाटायला लागलं की बायको म्हणाली बास, घरी चल.

आता डीलर म्हणतो वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लागणारच, लावून देतो, बिल हजार डॉलरच्या वर. ज्याच्याकडून ट्रेलर घेतला तो म्हणतो ट्रक अकरा हजार ओढतो, कशाला पैसे घालवतोस, मागे एअर बॅग (सस्पेन्शनमधले हवेचे फुगे) टाकून मोकळा हो. यूट्यूबवर दहा जणांची अकरा मतं. थँक्सगिव्हिंगला बिग बेंड नॅशनल पार्कला जायचंय, आम्ही दोघं आणि दोन मुलं. हा हिच नक्की करतो काय, आणि घरी सेटिंग जमतं का?

जुना_ड्रायव्हर_ह्यूस्टन:
लागतो. आणि ते अकरा हजार आधी डोक्यातून काढा, ट्रक किती ओढतो आणि मागच्या बॉलवर किती वजन टेकवता येतं हे दोन वेगळे हिशेब आहेत. बंपरखाली वाका आणि रिसीव्हरवरचा (हिच ज्यात बसतो त्या चौकोनी नळीवरचा) स्टिकर वाचा, त्यावर वेट कॅरीइंग (नुसत्या बॉलवर) आणि वेट डिस्ट्रिब्यूटिंग (हा हिच लावून) असे दोन आकडे असतात. बऱ्याच एफ-१५० वर पहिल्याखाली ५००० पाउंडाचा ट्रेलर आणि ५०० टंग वेट (म्हणजेच हिच वेट) एवढंच असतं, त्याच्या वर गेलात की कंपनीच सांगते हा हिच वापरा.

ब्रोशरचं ५२० हे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं. त्यात बॅटरी, गॅसचे सिलिंडर, पाणी, तुमची भांडीकुंडी काही धरलेलं नसतं. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के पाहिजे, म्हणजे तुमचं ७०० च्या आसपास निघणार बघा.

आता होतं काय ते सांगतो. गावाकडे गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली बघितली असतील, तुमच्या ट्रकचं तेच झालंय, फक्त इंचाच्या हिशेबात. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या साधारण ५ फूट मागे आणि ट्रकचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) १४५ इंच, म्हणजे ७०० पाउंड बॉलवर टेकले की पुढच्या अ‍ॅक्सलवरचे २९० उचलले जातात आणि मागच्यावर ७०० नाही, ९९० पडतात. स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे, आणि नेमकं वजन तिथूनच गेलेलं, मग हलकं वाटणारच ना. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे ते दोन स्प्रिंग बार ट्रक आणि ट्रेलरचा सांधा वरच्या बाजूला ताणून धरतात, त्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलवरचं थोडं वजन परत पुढे जातं आणि थोडं ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर. एअर बॅगने ट्रकची शेपटी वर येते, दिसायला सगळं लेव्हल, पण पुढच्या चाकांना एक पाउंडसुद्धा परत मिळत नाही.

आणि एक, या हिचने पेलोड (ट्रकवर लादता येणारं एकूण वजन) वाढत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो पिवळा-पांढरा स्टिकर आहे त्यातला आकडा घ्या, त्यातून तुम्ही चौघं, कूलर, टंग वेट आणि हिचचं स्वतःचं ८०-१०० पाउंड वजा करा. शून्याच्या खाली गेलात तर ट्रेलर मोठा झाला, हिच कुठलाही लावा.

मेघना_डेन्व्हर:
वरच्या दादांनी हिशेब नीट सांगितलाय, मी सेटिंगचं लिहिते कारण डीलर लोक इथेच माती खातात, रिकामा ट्रेलर यार्डात उभा करून हिच लावून देतात आणि तुम्ही घरी येऊन त्यात हजार पाउंड सामान भरता, मग ते सेटिंग काय कामाचं.

घरी जमतं, अर्धा दिवस काढा. प्रवासाला निघताना जसा भराल तसाच ट्रेलर भरा, सपाट जागा शोधा (आम्ही रविवारी सकाळी चर्च नसलेल्या पार्किंगमध्ये जातो, हसू नका). नुसत्या ट्रकची पुढच्या चाकावर फेंडरची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. मग ट्रेलर बॉलवर टेकवून, बार न लावता परत मोजा, एक-सव्वा इंच वर गेलेलं दिसेल. मग बार लावून मोजा. जेवढं वर गेलं त्यातलं किती परत खाली आणायचं ते तुमच्या ट्रकच्या मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच एफ-१५० ना साधारण अर्धं. पूर्वी लोक ताणून ताणून सगळंच परत आणायचे. तसं करू नका, मागचा अ‍ॅक्सल हलका झाला की ओल्या रस्त्यावर वळताना ट्रकची शेपटी बाहेर सुटते.

कमी पडलं तर हिचच्या डोक्यात एक वॉशर वाढवा म्हणजे बॉल थोडा ट्रेलरकडे कलतो आणि बार जास्त ताण घेतात, किंवा चेनची एक कडी आवळा. बार लावताना अंगाची ताकद अजिबात लावायची नाही, ट्रेलर ट्रकला जोडलेला असतानाच टंग जॅकने (ट्रेलरच्या तोंडाशी असलेल्या जॅकने) दोघांना मिळून वर उचला, मग बार हाताने सरकतो. काढतानाही तसंच, नाहीतर तो सुटून नडगीवर बसला तर हाड शिल्लक राहणार नाही. बार टंग वेटच्या जवळपासचेच घ्या, ७०० ला १४०० चे घेतले तर ट्रेलरची फ्रेम नुसती हादरत राहते.

स्वे कंट्रोल (ट्रेलरचं डोलणं रोखणारी सोय) आतच असलेला हिच घ्या. वेगळा फ्रिक्शन बार स्वस्त पडतो पण रिव्हर्सला जाताना दर वेळी उतरून काढायचा, कॅम्पग्राउंडमध्ये अंधारात, मागे चार गाड्या उभ्या. आतलाच असलेले वळताना करकर वाजतात, त्याला घाबरू नका.

स्टुटगार्टकर:
मध्येच बोलतो. आमच्याकडे जर्मनीत हा प्रकार कॅरव्हानवाल्यांकडे दिसतच नाही. इथे बॉलवर जेमतेम ७५ ते १०० किलो असतात आणि कपलिंगमध्येच घर्षणाचा स्टॅबिलायझर. मग तुमच्याकडेच एवढं पुढे वजन कशाला ठेवतात? थोडं सामान मागे सरकवा की, हिचचा खर्च वाचेल.

जुना_ड्रायव्हर_ह्यूस्टन:
स्टुटगार्टकर, तुमच्याकडे कॅरव्हानला ८० ची मर्यादा, फार तर परवानगी काढून १००, तेही किलोमीटर. ट्रेलर हलके, आणि अ‍ॅक्सल मध्यावर ठेवून त्याच हिशेबाने बनवलेले. इकडे वेस्ट टेक्सासमध्ये आय-१० वर ८० मैलांची पाटी आहे. तुमचं ऐकून यांनी सामान मागे सरकवलं तर पहिला सेमी (मोठा मालट्रक) शेजारून गेला की ट्रेलर डोलायला लागेल. फिरस्ता, हे करू नका. मागच्या बंपरवर चार सायकली टांगणं हेही तेच. आणि पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे ते बघून ठेवा, ४० गॅलन म्हणजे ३३० पाउंड होतात, टंग वेट कुठल्या कुठे जातं.

डोलायला लागलाच तर ट्रकचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने सरळ करायलाही जाऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या, ड्रायव्हरजवळच्या यंत्राची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ती कळ कुठे आहे हे निघायच्या आधी बोटांना न बघता कळलं पाहिजे.

फिरस्ता_टेक्सास:
सगळ्यांचे आभार. स्वे कंट्रोलवाला हिच घेतला, १००० पाउंडाच्या बारचा, आणि शेजारच्या काकांना घेऊन घरीच बसवला. मग ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) तीनदा वजन केलं. नुसता ट्रक आम्हा चौघांसकट: पुढे ३०८०, मागे २५६०. ट्रेलर जोडून बार न लावता: पुढे २७८०, मागे ३५६०, ट्रेलर अ‍ॅक्सल ५२००. बार लावून: पुढे २९६०, मागे ३२८०, ट्रेलर ५३००. दाराच्या स्टिकरवर पेलोड १५०० आहे. बरोबर आहे का हे?

मेघना_डेन्व्हर:
मस्त. टंग वेट बरोब्बर ७०० निघालं, एकूण ५९०० च्या बारा टक्के. पुढचे ३०० गेले होते त्यातले १८० परत आले, म्हणजे साठ टक्के, मी तरी हात लावणार नाही. पेलोडमध्ये ७०० टंग, ९० हिच आणि तुम्ही चौघं, म्हणजे बेडमध्ये आता लाकडं आणि जनरेटर दोन्ही भरायचं मनात असेल तर एक काहीतरी ट्रेलरमध्ये अ‍ॅक्सलवर टाका.

टायरवर एसटी (म्हणजे खास ट्रेलरचे टायर) लिहिलंय का बघा, त्यातले जुने बरेचसे ६५ मैलांपर्यंतचेच असतात, पाटी ८० ची असू दे. आणि बिग बेंडमध्ये चिसोस बेसिनच्या रस्त्यावर ट्रेलर नेऊ नका, पार्कवालेच २० फुटांपेक्षा मोठ्या ट्रेलरला नको म्हणतात, वळणं फार आवळ आहेत. रिओ ग्रान्दे व्हिलेजला ट्रेलर ठेवा आणि वर नुसता ट्रक घेऊन जा.

फिरस्ता_टेक्सास:
बुकिंग बेसिनचंच बघत होतो! बदलतो लगेच.