मदत हवी आहे: रेडिएशनमुळे जुलाब, लघवीला आग

अबोली: सासूबाईंचं रेडिएशन चालू आहे. जुलाब थांबत नाहीत, लघवीला आग होते. त्यात रोज पाणी पिऊन लघवी धरायला लावतात. आज मशीनवरून उठवून परत बाहेर बसवलं. आता भीतीने त्या घरीही पाणी पीत नाहीत. खायला काय देऊ? लवकर सांगा, उद्या पुन्हा जायचंय.

मिरजकर: कॅन्सर कुठला? शेक (रेडिएशनच्या खेपा) किती झाले? केमो आहे का? ताप?

अबोली: गर्भाशयाच्या मुखाचा. २५ पैकी १४ झाले. दर सोमवारी केमो, सिस्प्लॅटिनची. ताप नाही. जुलाब सात-आठदा.

गवतीचहा: गव्हांकुराचा रस द्या. माझ्या मावशीला गुण आला.

मिरजकर: आतडं सोललेलं असताना कच्चा रस? कृपा करून नको.

रेखा_आरटी: मी रेडिओथेरपीत तंत्रज्ञ आहे. तिसऱ्या आठवड्यात जुलाब बहुतेकींना होतात. मूत्राशय भरलं की लहान आतडं वर सरकतं, किरणांतून बरंचसं वाचतं. पाणी सोडलं तर जुलाब वाढतील. शिवाय सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड जातं, अंगात पाणी हवंच. आत्ताच युनिटला फोन करा: सात-आठदा म्हणजे थांबायचं नाही. लघवीची तपासणी मागा. लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) विचारूनच. मीठ घातलेली पेज, ओआरएस, मऊ भात, केळं द्या. दूध, कोशिंबीर, तिखट बंद.

पुणेकर७: मशीन कोणतं? आयएमआरटी, म्हणजे आजूबाजूचे अवयव वाचवत किरण देणारं तंत्र, घ्यायचं होतं. टाटाच्या २०२१च्या अभ्यासात आतड्याचा उशिराचा त्रास निम्म्यावर आला होता.

मिरजकर: तो अभ्यास ऑपरेशन झालेल्या बायकांवरचा. निम्मे शेक झाल्यावर हे सांगून त्यांना घाबरवू नका.

पुणेकर७: माहिती देणं म्हणजे घाबरवणं नव्हे.

शुभदा: घरातल्या मुलींना हा कॅन्सर टाळणारी एचपीव्हीची लस दिलीत का?

जाई: मी यातून गेलेय. उपचार संपल्यावर डायलेटरचं (योनिमार्ग मोकळा ठेवायची नळी) नक्की विचारा. कुणी आपणहून बोलत नाही.

गवतीचहा: सासूबाईंच्या वयात कशाला ते?

जाई: संबंधांसाठीच असतं असं नाही. योनिमार्ग आकसून चिकटला की पुढची तपासणीच होत नाही. साठीतही लागतं.

अबोली: फोन केला. उद्या शेकाआधी रक्त आणि लघवी तपासणार आहेत. रेखाताई, पेज चमच्याने पाजली, वाटीभर गेली. पण पाणी प्यायल्यावर किती वेळ थांबायचं? आमच्याकडे रोज वेगळं सांगतात.

रेखा_आरटी: प्लॅनिंग स्कॅनच्या (शेक सुरू होण्याआधी आखणीसाठी काढतात तो) वेळी किती पाणी, किती वेळ ते फाइलवर लिहिलेलं असतं. तेच रोज. उद्या फाइल उघडून दाखवायला सांगा.