मदत हवी आहे: रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर म्हणतात टेन्शन. नाशिकमध्ये कुणाला दाखवू?

सिडकोवाला: लवकर सांगा कोणीतरी. बहिणीला धडधडतं, पाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. कंपनीत पडलीसुद्धा. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल. एका डॉक्टरांनी तिला सोडून मलाच विचारलं, "घरात लग्नाचं चाललंय का?" आणि कागदावर अँक्झायटी लिहून गोळी दिली. आता कुठेही गेलो की आधी तो कागद वाचतात, मग तिचं कोण ऐकतंय! ऐकून घेणारा डॉक्टर सांगा. योगा-बिगा नको.

घाटमाथा: वय? रक्ताच्या तपासण्या, म्हणजे हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी१२, लोहाच्या साठ्याची फेरिटिन?

सिडकोवाला: सगळं नॉर्मल म्हटलं ना.

घाटमाथा: वर फक्त ईसीजी आणि इको लिहिलंय.

त्र्यंबकरोड: रोज पहाटे अनुलोम-विलोम. आमच्या हिची धडधड त्यानेच गेली.

सिडकोवाला: काका, वर वाचा.

नंदिनी_इंदिरानगर: एकदम सुरू होऊन बटण दाबल्यासारखी बंद होते का? मलाही टेन्शनच म्हणत होते, निघालं एसव्हीटी, म्हणजे ठोके अचानक भरधाव पळणं. धडधड चालू असताना ईसीजी निघाला तर सापडतं, एरवी बहुतेकदा नॉर्मलच येतो. होल्टर लावा, दिवसभर अंगावर ठेवून ठोके नोंदवतं ते मशीन.

सिडकोवाला: होल्टर झालं. ठोके वाढतात पण नियमित आहेत, "घाबरते म्हणून". बसली की हळूहळू उतरतात.

घाटमाथा: बसल्यावर उतरतात, हे आत्ता सांगताय? म्हणजे उभी असतानाच होतं?

सिडकोवाला: सातपूरला लाइनवर उभ्यानेच काम असतं. सकाळी आंघोळीनंतर जास्त. २४ वर्षांची आहे. डेंग्यूनंतर सुरू झालं, पण तो कधीच बरा झाला.

पंचवटीकर: डेंग्यूला पपईच्या पानांचा रस!

घाटमाथा: डेंग्यू गेला हो. सिडकोवाला, पॉट्स नावाचा प्रकार असतो. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढते, बीपी मात्र फारसं पडत नाही. विषाणूच्या आजारानंतर सुरू झालेला बऱ्याच जणांत दिसतो. झोपवून ईसीजी काढला तर काय दिसणार? दहा मिनिटं आडवी झोपवा, नाडी-बीपी लिहा. मग भिंतीला टेकून उभी करा, दर दोन मिनिटांनी लिहा. कोणीतरी शेजारी थांबा, चक्कर आली तर लगेच आडवं करा. हे निदान नाही, पण डॉक्टरांसमोर ठेवायला आकडे होतील.

नंदिनी_इंदिरानगर: आणि तो अँक्झायटीचा कागद नव्या डॉक्टरांना दाखवूच नका.

डॉ_नाही_पण: चूक सल्ला. गोळी चालू असेल तर सांगायलाच हवं, मनाने बंदही करू नका. आधी तिला बोलू द्या, फाइल नंतर उघडा. आणि अँक्झायटी हाही आजारच आहे, शिवी दिल्यासारखं बोलू नका.

नंदिनी_इंदिरानगर: शिवी कोण देतंय? न तपासता लिहितात, त्याचा राग आहे. बाईमाणूस दिसलं की टेन्शन!

पंचवटीकर: आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात, आणि पेशंट निघाला पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला.

त्र्यंबकरोड: पंचवटीला हल्ली उभं राहायला तरी मिळते का?

सिडकोवाला: मापलं. आडवी ७४, आठव्या मिनिटाला ११८. बीपी ११०/७० चं ११२/७६. हात जांभळट पडले, तिनेच दाखवले. आता कार्डिओ की न्यूरो?

घाटमाथा: आधी एखादा चांगला फिजिशियन. बाकीच्या तपासण्यांचे रिपोर्ट न्या, आकड्यांचा कागद वर. "पॉट्सच आहे" म्हणून भांडू नका, "उभं राहिल्यावर हे असं का होतं" एवढंच विचारा, आणि तिला विचारू द्या. टिल्ट टेबल टेस्ट (टेबलावर झोपवून ते उभं करत नाडी-बीपी बघतात) लागली तर ते सांगतील. मीठ-पाणी वाढवायला सांगतात यात, पण त्यांना विचारूनच.

सिडकोवाला: अहो पण नाव सांगा ना कोणाचं!

गोदाकाठ७१: मेडिक्लेम आहे का? बऱ्याच पॉलिसींत ओपीडीचा खर्च मिळत नाही बरं का.