मदत हवी आहे: कॉन्फरन्स सुरू होण्याआधी डिव्हिजन थ्रीचे बास्केटबॉल संघ कसे जोखायचे?

शुक्रतारा, २९ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळतो. संघ डिव्हिजन थ्रीचा, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांतल्या तिसऱ्या पातळीचा; इथे खेळासाठी शिष्यवृत्ती नावाची गोष्टच नाही. पोरं दुपारी केमिस्ट्रीची लॅब आटोपून धावत सरावाला येतात. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, सांगते: यूएए (युनिव्हर्सिटी अ‍ॅथलेटिक असोसिएशन). ब्रँडाइस, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, शिकागो, एमरी, एनवाययू, रॉचेस्टर आणि सेंट लुईसचं वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, असे आठ संघ. प्रत्येकाशी दोनदा, एकूण १४ सामने. पहिला सामना जानेवारीच्या पहिल्या आठवड्याअखेरीस आहे.

माझे बाबा भायखळ्याला राहतात. तरुणपणी ते नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या मैदानावर खेळायचे. भारताचे नावाजलेले बास्केटबॉलपटू अब्बास मुन्तासिर यांचा खेळ त्यांनी कोर्टाच्या कडेला बसून पाहिला आहे. रोज सकाळी त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न हाच: "यंदा तुमचा संघ खरंच चांगला आहे, की नुसता जिंकतोय?"

मला उत्तर देता येत नाही. आमचा संघ आत्ता ८-२ आहे, म्हणजे आठ विजय, दोन पराभव. ऐकायला छान वाटतं. पण त्यातला एक विजय एका अगदी लहान धार्मिक कॉलेजावर होता, तोही पन्नासच्या वर गुणांनी. दोन पराभव परीक्षेनंतरच्या सुट्टीतले, दोन्ही बाहेरच्या मैदानावरचे. आणि आमच्याच कॉन्फरन्समध्ये एक संघ ६-४ आहे, ज्याच्याबद्दल बाकीचे पालक सगळ्यात जास्त काळजीने बोलतात. हे कसं?

मुलगा बेंचवरचा, म्हणजे राखीव खेळाडू आहे. सामन्यात पाच-सहा मिनिटं मिळतात, कधी तीही नाहीत. नाताळात घरी होता तेव्हा म्हणाला, "आई, नोव्हेंबर-डिसेंबर विसर. आता खरं सुरू होतं." म्हणजे नेमकं काय सुरू होतं आणि काय बघायचं, हे मला शिकायचं आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी. अगदी प्राथमिक गोष्टीही सांगितल्या तरी चालतील.

———

आकडेमोड, २९ डिसेंबर

ताई, तुमच्या बाबांचा प्रश्न लाख मोलाचा आहे. मी गेली बरीच वर्षं डिव्हिजन थ्री बघतो, आणि डिसेंबरअखेर मीही स्वतःला हेच विचारतो.

आधी तो पन्नास गुणांचा विजय वहीतून काढून टाका. अशा सामन्यांतून काहीही कळत नाही. ग्रिनेल कॉलेज आठवा. २० नोव्हेंबर २०१२ ला त्यांच्या जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण केले. जगभर बातमी झाली. समोर फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज होतं आणि निकाल होता १७९-१०४. त्या मुलाचा विक्रम कुणी हिरावून घेणार नाही, पण त्या एका आकड्यावरून पुढे मिडवेस्ट कॉन्फरन्समध्ये ग्रिनेल कितवा येईल, हे सांगता आलं नसतं.

याची उलटी बाजूही आहे. नोव्हेंबरात काही संघ डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वात वरच्या पातळीच्या कॉलेजाशी एखादा सामना खेळतात आणि सणसणीत हरतात. डिव्हिजन थ्रीच्या संघासाठी तो बहुतेक वेळा प्रदर्शनीय सामना असतो, नोंदीत धरला जात नाही. पण आपण पाहावा. थकलेली पोरं शेवटच्या दहा मिनिटांत बचावाला खाली वाकतात का, हे तिथे दिसतं.

आता गुणांची सरासरी. "आम्ही सामन्याला ८८ गुण करतो" हे ऐकून हुरळून जाऊ नका. भराभर खेळणारा संघ जास्त गुण करतो आणि जास्त देतोही. त्यामुळे संघाच्या हातात चेंडू किती वेळा आला, ते आधी काढायचं. कॉलेजच्या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याचा तक्ता असतो, त्यातून हे घ्या: बास्केटवर केलेले प्रयत्न, त्यातून आक्रमक रिबाउंड (आपलाच हुकलेला फटका परत पकडणं) वजा, टर्नओव्हर (फटका न मारताच चेंडू गमावणं) अधिक, फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांच्या) प्रयत्नांना ०.४७५ ने गुणून तेही अधिक. समजा प्रयत्न ६०, आक्रमक रिबाउंड १०, टर्नओव्हर १२, फ्री थ्रो २०. मग ६० - १० + १२ + ९.५ = ७१.५. संघाने ७५ गुण केले असतील तर दर शंभर वेळांमागे साधारण १०५. प्रतिस्पर्ध्याचंही असंच काढा. दोन्हींतला फरक म्हणजे संघाची खरी कमाई.

हे फक्त बऱ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या सामन्यांचं करा. दहातले चार-पाच निघतील. तेवढे पुरेत.

त्या ६-४ संघाचं गूढही इथेच उकलतं. त्यांचे चार पराभव कुणाकडून, कुठे आणि कितीने झाले ते बघा. क्रमवारीतल्या संघांकडून, बाहेर जाऊन, तीन-चार गुणांनी झाले असतील, तर तुमचे पालक उगाच काळजी करत नाहीयेत.

———

निळी_छत्री, ३० डिसेंबर

आकडेमोड यांनी सगळं छान सांगितलं. माझी एकच भर: तीन गुणांच्या फटक्यांची टक्केवारी दहा सामन्यांवरून खरी मानू नका, ती वरखाली होतेच. टर्नओव्हर आणि बचावातले रिबाउंड (समोरच्यांचा हुकलेला फटका पकडणं) मात्र बघा. ती सवय असते, आणि सवय जानेवारीत बदलत नाही.

———

क्लीव्हलंडकर, ३० डिसेंबर

ताई, मी केस वेस्टर्नचा माजी विद्यार्थी. मुलगा "आता खरं सुरू होतं" का म्हणाला, ते मी सांगतो, कारण यूएएचं गणित इतर कॉन्फरन्सांपेक्षा वेगळं आहे.

डिव्हिजन थ्रीतल्या बहुतेक कॉन्फरन्स जवळपासच्या भागापुरत्या असतात. बसने गेले, खेळले, रात्री परत. यूएएचे संघ बोस्टनजवळच्या वॉल्थमपासून अटलांटापर्यंत पसरलेत, म्हणून विमानाने जातात. त्यासाठी जोड्या आहेत: शिकागो आणि सेंट लुईस, क्लीव्हलंड (केस वेस्टर्न) आणि पिट्सबर्ग (कार्नेगी मेलन), ब्रँडाइस आणि एनवाययू, एमरी (अटलांटा) आणि रॉचेस्टर. आपल्या जोडीदाराशी एक सामना सुरुवातीला आणि एक अगदी शेवटी. मधले सहा आठवडे, दर आठवड्याला एक जोडी: शुक्रवारी रात्री एकाशी, रविवारी दुपारी दुसऱ्याशी. दोन आणि बारा, झाले चौदा.

आमच्याकडे येणाऱ्यांचं सोपं. शुक्रवारी क्लीव्हलंड, शनिवारी बसने अडीच तासांत पिट्सबर्ग. पण रॉचेस्टर-अटलांटाचा दौरा विचार करा. शुक्रवारी रात्री रॉचेस्टरच्या बर्फात खेळायचं आणि शनिवारी विमान पकडून जॉर्जियात उतरायचं. जानेवारीत ते विमान वेळेवर सुटेल याची खात्री कुणी द्यावी? पोरं विमानतळावर फरशीवर बसून अभ्यास करताना मी पाहिलीत.

म्हणून माझा संघ जोखायचा नियम एकच: आठवा आणि नववा खेळाडू कोण आहे? शुक्रवारी पहिले पाच जण तुम्हाला जिंकून देतील. रविवारी पाय जड झालेले असतात, एखाद्याचा घोटा दुखत असतो, दुसऱ्या हाफला दहा मिनिटं जाताच मुख्य सेंटरचा (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचा) चौथा फाउल होतो, पाचव्याला तो बाहेरच. तेव्हा बेंचवरून आलेला मुलगा त्या चार मिनिटांत चेंडू घालवतो की सांभाळतो, यावर सामना फिरतो. नोव्हेंबर-डिसेंबरात दोन सामन्यांत तीन-चार दिवस विश्रांती मिळते. तिथे सात खेळाडूंवर ८-२ होता येतं. यूएएत सात खेळाडूंवर निभावलेला संघ मला आठवत नाही.

तुमचा मुलगा ज्या पाच-सहा मिनिटांबद्दल बोलतो, ती ही मिनिटं आहेत, ताई.

———

पन्हाळा, ३० डिसेंबर

मी हार्टफर्डजवळ राहतो आणि नेस्कॅक ही ईशान्येकडची कॉन्फरन्स बघतो: अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, ट्रिनिटी वगैरे अकरा कॉलेजं. इथे कॉन्फरन्सचे दहाच सामने, प्रत्येकाशी एकदाच. त्यामुळे कोण कुणाच्या घरी खेळतो, यात नशिबाचा मोठा वाटा. तुमच्याकडे घरी आणि बाहेर दोन्ही होतं, म्हणून यूएएचा तक्ता मला जास्त प्रामाणिक वाटतो.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थी सुट्टीवर असतात. वसतिगृहं बंद, जिममध्ये पालक आणि गावातले काही म्हातारे. घरच्या मैदानाचा फायदा तेव्हा निम्मासुद्धा नसतो. पहिल्या सामन्यात कुणी घरी हरलं तर लगेच मोडीत काढू नका. महिनाअखेरीस विद्यार्थी परततात, तेव्हा त्याच जिममध्ये स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.

आणि बाबांना सांगा, ही पातळी हलकी समजू नका. डंकन रॉबिन्सन २०१३-१४ ला विल्यम्सकडून खेळला. तो संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून दोन गुणांनी हरला. पुढे तो मिशिगनला गेला आणि मग मायामी हीटकडून एनबीएत खेळला. मार्च २०२५ चा अंतिम सामना तर आपल्या दोघांच्या अंगणातला होता: आमच्या ट्रिनिटीने तुमच्या एनवाययूला हरवलं.

———

शुक्रतारा, ३० डिसेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लीव्हलंडकरदादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला, मग बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "आमच्या वेळीही सहावा गडीच सामना जिंकायचा."

आकडेमोड यांच्या रीतीने पाच सामने काढले. मुलाच्या संघाचा फरक शंभरामागे जेमतेम दोनचा आला. त्या ६-४ संघाचा सहाचा. आता पालक का घाबरतात ते कळलं.

अजून एक शंका. कॉन्फरन्स जिंकली नाही तर सगळं संपतं का?

———

आकडेमोड, ३१ डिसेंबर

नाही, पण वाट अरुंद होते. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ असतात. त्यातल्या चाळीसहून अधिक जागा कॉन्फरन्स विजेत्यांना थेट मिळतात. इतर ठिकाणी शेवटी बाद फेरी असते, म्हणजे फेब्रुवारीत तीन-चार दिवस चांगले गेले तरी विजेतेपद पटकावता येतं. यूएएत अशी बाद फेरी नाही. चौदा सामन्यांनंतर जो वर, तोच विजेता. पहिल्या शनिवारचा विजय आणि शेवटच्या शनिवारचा विजय यांची किंमत अगदी सारखी.

उरलेल्या जागा २०२४-२५ पासून एनपीआय नावाच्या गणितावर ठरतात. त्यात कुणाला हरवलं, कुठे हरवलं, हे मोजलं जातं. दुबळ्या संघावरच्या विजयाने गुणांक खाली येत असेल तर तो विजय गणितातून वगळण्याचीही सोय आहे. म्हणून शहाणे प्रशिक्षक नोव्हेंबरात मुद्दाम तगड्या संघांकडे जातात. तो ६-४ संघ बहुधा हेच करून आलाय. आठ संघांतले दोन-तीन तरी या वाटेने आत जाऊ शकतात, म्हणून यूएएत तिसऱ्या क्रमांकासाठीही जीव तोडून खेळतात.

———

निळी_छत्री, ३१ डिसेंबर

ताई, सामना बघताना एक वही ठेवा. फक्त बेंचवरचे खेळाडू कोर्टावर असतानाचे गुण लिहा, आपले आणि त्यांचे. बाकी सगळं तक्त्यात मिळतं, हे मिळत नाही.

———

शुक्रतारा, जानेवारीतला पहिला रविवार

काल जोडीदार संघाशी सामना झाला. मी गेले होते. पन्हाळा म्हणाले तसंच, जिममध्ये शंभरेक माणसं, प्रशिक्षकांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. आपण चार गुणांनी हरलो.

पण वहीतलं सांगते. पहिले पाच कोर्टावर असताना आपण नऊने मागे होतो. बेंच आत असताना पाचने पुढे. मुलगा सात मिनिटं खेळला. गुण एकही नाही, फटका मारलाच नाही. पण त्या सात मिनिटांत त्याच्या हातून चेंडू एकदाही गेला नाही, आणि समोरच्या त्यांच्या सर्वोत्तम गार्डने (चेंडू पुढे आणणाऱ्या खेळाडूने) फक्त दोन गुण केले. हे मी लिहून ठेवलं नसतं तर "हरलो, आणि याला सातच मिनिटं मिळाली" एवढंच मनात घेऊन गाडीत बसले असते.

संघ मात्र मला ८-२ वाला वाटला नाही, हेही खरं. टर्नओव्हर सोळा. निळी_छत्री म्हणाले तशी ही सवय असेल तर कठीण आहे. बाबांना तसंच सांगितलं: अजून चांगला नाही, पण बेंच चांगला आहे.

पुढचा दौरा रॉचेस्टर आणि अटलांटा. रॉचेस्टर आम्हाला गाडीने पाच-सहा तासांवर, तरी शुक्रवारी घरूनच थेट प्रक्षेपण बघणार आहे. विमानाचं तिकीट अटलांटाचं काढलंय, रविवारच्या सामन्यासाठी. तिकडे कुणी मराठी कुटुंब सामन्याला येणार असेल तर इथेच कळवा, मी वही आणि सगळ्यांना पुरतील एवढे बेसनाचे लाडू घेऊन येते.