वकील परवडत नव्हता, मग काय केलंत? गोव्यातले अनुभव लिहा

गोव्यात जमिनीचा वाद नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. पण भाटकाराकडे, म्हणजे जमीनमालकाकडे, वकील आणि आपल्याकडे नुसती कागदाची पिशवी, असं असताना तुम्ही कुठं गेलात, कोणी अर्ज लिहून दिला, कुठं अडलं ते लिहा. "सरकार झोपलंय" हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते नको.

सुरुवात मी करतो. आजोबा भाटकाराचे माड राखायचे, घर त्याच भाटात (बागायतीत), म्हणजे आम्ही त्याचे मुंडकार. मुंडकार कायदा १९७५ चा, तरी घर आमच्या नावावर नाही. सगळे म्हणायचे "तुम्हाला कोण काढतंय", पण छप्पर बदलायचं म्हटलं की भाटकाराची एनओसी (ना-हरकत दाखला) आणा. शेवटी गावात कायदेविषयक शिबिर झालं, तिथल्या पॅरालीगल (कायद्याच्या कामात मदत करणाऱ्या) मुलीने नीट सांगितलं की आधी मामलेदाराकडे मुंडकार असल्याचं ठरवून घ्या, मग खरेदीचा अर्ज, पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत मिळतं, पालिकेत २००. घरपट्टीच्या पावत्या, जुनं रेशनकार्ड, शेजाऱ्यांच्या जबान्या जमवल्या. खरी गंमत पुढेच, भाटकाराचे वारस पोर्तुगालला, नोटीस परत यायची की तारीख पुढे. वर्तमानपत्रात नोटीस छापायची परवानगी मागा हेही तिनेच सुचवलं, तेव्हा कुठं केस हलली.

रानवाटा: आम्ही वेळीप, म्हणजे आदिवासी, काणकोणकडचे. वनहक्काचा दावा २००६ च्या कायद्याखाली. आमच्याकडे सगळ्यांची समजूत की जमिनीचा कागद नसेल तर दावा करायचाच नाही. पण नियमात म्हाताऱ्या माणसांचं लेखी निवेदन चालतं, जुनी बांध-बांधावळ, विहीर, देवाची जागा हेही पुरावे, दोन असले की झालं. काकी नव्वदीला टेकलीय, तिने कुठलं कुमेर (डोंगरावरची फिरती शेती) कोणाचं ते झाडागणिक सांगितलं आणि मुलांनी लिहून घेतलं. ग्रामसभेला कोरम भरेना म्हणून दोनदा रद्द, ते वेगळंच रामायण. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, तोंडी "होत नाही" ऐकून घरी जाऊ नका, अपीलाला ६० दिवस असतात.

डोंगरचा गवळी: वेळीप, गावडा, कुणबी यांना २००३ मध्ये एसटी दर्जा मिळाला, आम्हा धनगरांना नाही. त्यामुळे त्याच कायद्यात आम्हाला १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं इथं राहिल्याचं दाखवावं लागतं. १९३० चा कागद म्हशींमागे फिरणाऱ्याकडे कुठून येणार? कोणी केलंय का हे?

रानवाटा: @गवळी, ७५ वर्षं त्या भागात राहिल्याचं दाखवायचं, नेमक्या त्याच तुकड्यावर नाही. तुमच्या गावातल्या इतर समाजाच्या म्हाताऱ्यांचीही निवेदनं घ्या.

सुषमा_डिचोली: नवऱ्याने जागा विकायला काढली आणि मला म्हणाला सब-रजिस्ट्रारकडे सही कर. आपल्याकडे वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा, तिच्या सहीशिवाय विकता येत नाही, हे मला लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं, हे विशेष! मी सही केली नाही. १५१०० या कायदेविषयक मदतीच्या हेल्पलाइनला फोन केला, मग तालुक्याच्या कोर्टातल्या कायदेविषयक सेवा समितीत गेले, तिथं एक बाबा म्हणाले उत्पन्नाचा दाखला आणा. मी आधीच विचारून गेले होते: बायकांना, एससी-एसटींना, अपंगांना, कोठडीतल्यांना उत्पन्नाची अट नाही, कायदेविषयक सेवांच्या १९८७ च्या कायद्याचं कलम १२. कलम म्हटल्यावर बाबांचा सूरच बदलला. वकीलबाई चांगल्या मिळाल्या.

फोंडेकर: सगळ्यांना चांगले मिळत नाहीत हो. माझ्या भावाला दिलेला फुकटचा वकील तारखेला यायचाच नाही, आणि फुकट म्हटल्यावर आपण तक्रार कशी करायची असं भावाला वाटायचं. करायची! त्याने लेखी अर्ज देऊन वकील बदलून घेतला. पोच मात्र शिक्का मारूनच घ्या.

लॉ_सेकंड_इयर: आमच्या कॉलेजचं लीगल एड केंद्र गावात चालतं, तिथं मी बसते. येणाऱ्यांपैकी बरेचजण इंग्रजी नोटीस घेऊन येतात आणि फक्त "यात काय म्हटलंय" एवढंच विचारतात. कधीकधी मुदत आदल्या दिवशीच संपलेली असते. कृपा करून नोटीस आली त्याच दिवशी कोणाला तरी दाखवा, आणि येताना फॉर्म वन-फोर्टीन (जमिनीचा उतारा) आणि सर्व्हे प्लॅन (जमिनीचा नकाशा) आणा, नुसती तोंडी हकीगत नको.

मांडवीकाठ: शेजाऱ्याशी वाटेवरून वाद, कोर्टाने लोकअदालतीला पाठवलंय. तिथं झालेल्या तडजोडीवर अपील नाही म्हणतात, म्हणून घरचे घाबरलेत. मनासारखं नसेल तर सही न करता परत कोर्टात जाता येतं ना?

लॉ_सेकंड_इयर: येतं. दोन्ही पक्षांनी मान्य केल्याशिवाय तडजोड होतच नाही. मसुदा कोंकणी किंवा मराठीत समजावून मागा, वाटेची रुंदी मीटरमध्ये लिहून घ्या आणि मगच सही.