पॅरोटिडमध्ये (कानापुढची लाळग्रंथी) हर-टू (पेशीच्या पृष्ठभागावरचं, वाढीला चालना देणारं प्रथिन) २+ म्हणजे अनिर्णित आलंय, आता?

ग्रॉसिंग_टेबल:
पॅरोटिडची हाय-ग्रेड गाठ, कोमेडो नेक्रोसिस (नळीच्या मध्यभागी मेलेल्या पेशी), एआर (अँड्रोजन रिसेप्टर) बहुतेक सगळ्या केंद्रकांत पॉझिटिव्ह. निदान सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा (लाळनलिकेचा कर्करोग), त्यात शंका नाही. हर-टू २+ वाटतंय, पण सायटोप्लाझमही तपकिरी झालंय. ईजीएफआर (हर-टूच्याच कुळातलं प्रथिन) मात्र गडद. ऑन्कोलॉजीवाले विचारतात, ट्रास्टुझुमॅब (हर-टूवरचं औषध) की सिटुक्सिमॅब (ईजीएफआरवरचं)? लाळग्रंथींसाठी कोणते निकष लावता?

डॅब_तपकिरी:
स्तनाच्या कर्करोगाचेच लावा, आणि कोणते लावले ते रिपोर्टात लिहा. सायटोप्लाझम मोजायचंच नाही. १०% पेक्षा जास्त इन्वेझिव्ह (आजूबाजूच्या ऊतीत घुसलेल्या) पेशींत पूर्ण वेढा घालणारं गडद मेम्ब्रेन (पेशीचं आवरण) असेल तर ३+. वेढा पूर्ण पण रंग फिका ते मध्यम, तर २+. ३+ हे ५ एक्सच्या ऑब्जेक्टिव्हवरच डोळ्यांत भरतं. ४० एक्स लावून शोधावं लागत असेल तर ते २+ नव्हे. नळीच्या आतला इन-सिटू (अजून बाहेर न घुसलेला) भाग वगळा. गाठ जुन्या प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमातून (लाळग्रंथीची सौम्य गाठ) उठली असेल तर ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) कर्करोगाचाच निवडलाय ना, तेही बघा.

खरंच २+ असेल तर फिश (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी). किमान २० केंद्रकं मोजा. हर-टू आणि १७व्या गुणसूत्राच्या खुणेचं गुणोत्तर २.० किंवा जास्त आणि हर-टूच्या सरासरी प्रती ४ किंवा जास्त, तर अ‍ॅम्प्लिफाइड. या गाठींत साधारण चौथा हिस्सा ते एक तृतीयांश हर-टू पॉझिटिव्ह निघतात, त्यामुळे २+ वर थांबू नका.

फॉर्मॅलिन_दहा_टक्के:
सायटोप्लाझम रंगलं की आधी फिक्सेशन तपासा, मग रिट्रीव्हलचा (स्टेनआधी प्रथिन पुन्हा उघडं करण्याच्या पायरीचा) वेळ आणि अँटीबॉडीचं डायल्यूशन. पॅरोटिड अख्खी बुडवून ठेवली तर मधला भाग कच्चा राहतो. तासाभरात कापून १०% बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, ६ ते ७२ तास. शेजारच्या निरोगी नळ्यांवर गडद मेम्ब्रेन आलं असेल तर तो रन बाद. जबड्याचं हाड असेल तर अ‍ॅसिडने डिकॅल्सिफाय करू नका (कॅल्शियम काढू नका), डीएनए तुटतो आणि फिश फसतं. ईडीटीए वापरा.

केमो_चार्ट:
सिटुक्सिमॅबचा विषय बाजूला ठेवा. लाळग्रंथींच्या गाठींत ईजीएफआरचं प्रथिन भरपूर दिसतं, म्युटेशन क्वचित. नुसत्या गडद रंगावरून औषध ठरत नाही. अ‍ॅडेनॉइड सिस्टिकमध्ये (लाळग्रंथीचा आणखी एक कर्करोग) किट या प्रथिनाचंही तेच: आतल्या पेशी छान रंगतात, किटवरच्या इमॅटिनिब या औषधाला दाद जवळजवळ नाही. अपवाद सिक्रीटरी कार्सिनोमाचा. तिथे ईटीव्ही६-एनटीआरके३ फ्यूजन (दोन जनुकांचा जोड) असतं आणि त्यावरचं औषध लॅरोट्रेक्टिनिब खरंच चालतं.

हर-टू पक्कं झालं तर ट्रास्टुझुमॅब पहिल्यांदा ८ मिग्रॅ/किलो, मग दर ३ आठवड्यांनी ६, सोबत डोसिटॅक्सेल (केमो) ७० मिग्रॅ/चौ.मी. जपानच्या २०१९च्या अभ्यासात ५७ रुग्णांपैकी सुमारे ७०% गाठी आकसल्या. सुरू करण्यापूर्वी हृदयाचा इको, नंतर दर ३ महिन्यांनी.

ग्रॉसिंग_टेबल:
कोरे (स्टेन न केलेले) सेक्शन दोन महिन्यांपूर्वी कापलेत. चालतील?

डॅब_तपकिरी:
हर-टूच्या स्टेनला नाही, सहा आठवड्यांची मर्यादा आहे. ब्लॉक हाताशी आहे ना? ४ मायक्रॉनचे नवे कापा, आणि त्याच कापणीतून फिशलाही पाठवा.