मोठा आरव्ही ट्रेलर ओढायला जुना सेमी ट्रक घ्यावा का?

माळरान (टेक्सास):
अमेरिकेत निवृत्तीनंतर आरव्ही (चाकांवरचं घर) घेऊन वर्षभर फिरणारी मराठी जोडपी आता बरीच भेटतात. त्यातले अनेक जण ४०-४४ फुटी फिफ्थ व्हील ट्रेलर (ज्याचं पुढचं टोक ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या भागावर बसतं) घेतात आणि तो ओढायला एक टनी ड्युअली, म्हणजे मागे चार चाकं असलेली पिकअप. माझं मत आधीच सांगून टाकतो: ट्रेलरचं भरलेलं वजन २०,००० पौंडांच्या पुढे जाणार असेल, तर पिकअपचा नाद सोडा आणि मालवाहतूक कंपनीच्या ताफ्यातून निघालेला जुना सेमी, म्हणजे मोठे मालाचे ट्रेलर ओढणारा ट्रक घ्या.

ओढण्याच्या ताकदीवर माझा आक्षेप नाही. आजचं पिकअपचं डिझेल इंजिन १,००० पौंड-फुटांच्या आसपास किंवा त्याहून जास्त टॉर्क देतं. जाहिरातीत ३५,००० पौंडांहून जास्त ओढते असं छापतात, तेही खोटं नाही. मला काळजी आहे ती थांबण्याची. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. तिथून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्क्यांपर्यंतचा उतार मैलोन्मैल संपत नाही. माझ्याकडे २०१६ चा व्होल्व्हो व्हीएनएल ६७० आहे, डी१३ इंजिन आणि आय-शिफ्ट गिअरबॉक्सवाला. वरूनच खालचा गिअर धरायचा, इंजिन ब्रेक लावायचा आणि पाय पेडलवरून काढून घ्यायचा. जवळपास १३ लिटरचं इंजिन गाडी धरून ठेवतं. ट्रकचं स्वतःचं वजनच १६-१७ हजार पौंड, त्यामुळे ट्रेलर मागून ढकलतोय असं कधी वाटत नाही. त्याच उतारावर बाजूच्या लेनमधून ड्युअली जाते तेव्हा तिचे ब्रेकचे दिवे सतत पेटलेले असतात आणि तापलेल्या ब्रेकचा वास आमच्या केबिनपर्यंत येतो. बायको तेव्हा एकदम गप्प होते. त्या गाडीतही आमच्यासारखंच कुणीतरी बसलेलं असतं.

आता पैसे. नवी डिझेल ड्युअली साधारण ९० हजार ते लाखभर डॉलर. चार-पाच लाख मैल चाललेला स्लीपरवाला (झोपायची जागा असलेल्या केबिनचा) सेमी ३०-४५ हजारांत मिळतो. हिच (ट्रेलर जोडायचं साधन), वायरिंग आणि मागचा डेक (छोटी गाडी ठेवायचा सपाट भाग) यांचे २०-२५ हजार धरले तरी बरेच पैसे वाचतात. पाच लाख मैल ऐकून बिचकू नका. ही इंजिनं दहा लाख मैलांच्या हिशोबाने बांधलेली असतात.

तुमचं काय म्हणणं?

निवांत६२:
ट्रेलर लहान घ्या, विषय संपला. दोन माणसांना ४४ फूट लागतात कशाला? ३२ फुटी ट्रेलर साध्या पिकअपमागे सुखाने येतो आणि नॅशनल पार्कच्या जुन्या कॅम्पग्राऊंडमध्येही मावतो. ४४ फुटी ट्रेलर आणि पुढे सेमी घेऊन तुम्हाला तिथे कुणी आत घेणार नाही. ज्या जागा बघायला घर सोडलं, त्यांच्या वेशीवरच राहायचं असेल तर निघायचं तरी कशाला?

गॅरेजवाला (इंडियाना):
माळरान, उताराबद्दल तुमचं बरोबर आहे. बाकी बऱ्याच गोष्टींना माझा विरोध आहे, आणि मी पोटापाण्यासाठी याच गाड्या दुरुस्त करतो.

दहा लाख मैल खरे, पण ते इंजिनच्या लोखंडाचे. आज सेमी रस्त्यात बंद पडतो तो इंजिनमुळे नाही, धूर साफ करणाऱ्या यंत्रणेमुळे. २००७ च्या नियमांनी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आला, २०१० च्या नियमांनी त्यावर डीईएफ, म्हणजे युरियाचं पाणी, फवारणारी यंत्रणा आली. हे सगळं रोज स्वतःसकट ८०,००० पौंडांपर्यंत वजन ओढणाऱ्या गाडीसाठी आखलेलं आहे. इंजिनवर भार असला की धूर तापतो आणि फिल्टरमधली काजळी चालता चालता जळून जाते. तुम्ही मागे लावणार २० हजार पौंड. इंजिनला तो भारच वाटत नाही, धूर कोमट राहतो, काजळी साचते. वर गाडी हिवाळाभर उभी. डीईएफचे पांढरे खडे नळीच्या तोंडाशी जमतात, नॉक्स (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे) सेन्सर जातात. इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःच वेग उतरवते, शेवटी ताशी ५ मैलांवर. वायोमिंगच्या हायवेवर ताशी ५ मैल!

आणि ताफे गाड्या विकतात कधी? एमिशनची (धुराच्या यंत्रणेची) वॉरंटी संपली आणि खर्च चढायला लागला की. म्हणजे तो चढता खर्च तुमच्या वाट्याला येतो. पिकअप बिघडली तर गावातला मेकॅनिक हात लावतो. सेमीला ट्रक डीलरच लागतो, तिथे मालवाहतूकवाल्यांची रांग असते आणि तुमचा नंबर आठवड्याने. तोवर तुमचं राहतं घर त्याच ट्रकच्या मागे जोडलेलं.

पिकअपलाही एक्झॉस्ट ब्रेक असतो हे तुम्ही लिहिलंच नाही. उताराच्या वरच गिअर खाली घेतला तर चांगला चालवणारा ड्युअलीही ब्रेक न जाळता उतरवतो. तुम्हाला वास येतो तो चालवणाऱ्याच्या सवयीचा.

चंद्रभागा:
कागदपत्रांचं कुणीच बोललं नाही. स्वतःच्या वापरासाठी व्यावसायिक लायसन्स, म्हणजे सीडीएल, सहसा लागत नाही एवढं खरं. पण काही राज्यं बिगर-व्यावसायिक क्लास ए, म्हणजे जड गाडीचं लायसन्स मागतात. टेक्सासमध्ये ते लागतं, कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलला लागतं. कॅलिफोर्नियात एकूण लांबी ६५ फुटांपर्यंतच. स्लीपरवाला लांब ट्रक आणि ४४ फुटी ट्रेलर जोडून बघा, टेप कुठवर जाते ते.

सेमीची नोंदणी मोटरहोम म्हणून करायची तर साधारणपणे सहापैकी चार सोयी आत बसवून दाखवाव्या लागतात: स्वयंपाकाची सोय, फ्रीज, टॉयलेट, हीटर किंवा एसी, नळासकट पिण्याचं पाणी, आणि ११० व्होल्टची वीज किंवा गॅस. राज्याराज्यात नियम वेगळे. विमा कंपन्या तर ट्रकचं नाव ऐकूनच फोन ठेवतात. आधी विम्याचा होकार लेखी घ्या, मग ट्रकला हात लावा. आणि तुमच्या कॉलनीच्या एचओएला (घरमालकांच्या संघटनेला) ड्राइव्हवेत सेमी चालतो का? आमच्याकडे साधी कामाची व्हॅन उभी केली तरी पत्र येतं.

कळंबोली:
नवी मुंबईतून वाचतोय. आमच्या घरात वडिलांपासून ट्रकचा धंदा. एक कळलं नाही: सेमीला हवेचे ब्रेक, मग ट्रेलरलाही हवेचेच का नाही लावत? आणि एवढा मोठा ट्रक रिकाम्यासारखा पळणार, म्हणजे मागे जोडलेल्या घराचा खुळखुळा होणार. रिकामी दहाचाकी खड्ड्यात कशी आपटते ते आम्ही रोज बघतो.

माळरान:
कळंबोली, दोन्ही प्रश्न मोलाचे. आरव्ही ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात. म्हणून ट्रकमध्ये वेगळा कंट्रोलर बसवावा लागतो, जो ट्रकच्या ब्रेकचा हवेचा दाब ओळखून ट्रेलरला त्या प्रमाणात वीज देतो. दिव्यांची वायरिंगही जुळवून घ्यावी लागते, कारण ट्रकचे वळणाचे आणि ब्रेकचे दिवे वेगळे आणि बऱ्याच ट्रेलरांचे एकत्र.

आपटण्याचं तुमचं निरीक्षण अचूक आहे. मागच्या दोन अ‍ॅक्सलांचं सस्पेन्शन ३४,००० पौंड किंवा त्याहून जास्त वजनासाठी, आणि किंगपिनवरून (ट्रेलर जोडायच्या पिनवरून) येतात ५-६ हजार. साधी फिफ्थ व्हील प्लेट ठेवली तर ट्रेलरच्या सांगाड्याला तडे जातील. म्हणून हवेच्या फुग्यांवर तरंगणारी हिच घ्यायची. तिथे पैसे वाचवू नयेत.

गॅरेजवाला, काजळीचा मुद्दा मान्य. म्हणून सांगतो की ट्रक घेण्याआधी ईसीएममधली (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली) माहिती उतरवून घ्या: किती तास नुसता उभा चालला, डीपीएफची सफाई कितीदा झाली, कुठले फॉल्ट येऊन गेले. तेलाची तपासणी करून घ्या. मोठ्या ताफ्याकडे प्रत्येक गाडीची दुरुस्तीची फाईल असते, पिकअप विकणाऱ्या शेजाऱ्याकडे ती नसते. आणि हिवाळ्यात गाडी उभी ठेवू नका. महिन्यातून एकदा हायवेवर चांगली तापेपर्यंत पळवा. जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवलं तर काजळी वाढतेच.

पण सवयीवर सगळं ढकलू नका. चांगल्या चालकासमोरही कधी अचानक गाडी थांबते. तिथे मोठे ब्रेक आणि वजनच कामाला येतं.

गॅरेजवाला:
अचानक थांबायचंय ना? मग पहिला खर्च ट्रेलरवर करा. कारखान्यातून येणारे विजेचे ड्रम ब्रेक या वजनाला अपुरे पडतात. ते काढून हायड्रॉलिक डिस्क लावा. सेमी घेणारे पंधरा हजारांचा डेक बांधतात, त्यावर छोटी स्मार्ट कार आडवी चढवतात आणि मागचे ब्रेक तसेच ठेवतात. ती कारही अमेरिकेत आली ती १०६ इंच लांब, रस्त्यावरची रुंदीची मर्यादा १०२ इंच. हौस पुढे आणि सुरक्षितता मागे, असं होतंय.

आणि हवेच्या ब्रेकची रोजची तपासणी किती जण करतात? इंजिन बंद करून, किल्ली चालू ठेवून, पेडल परत परत दाबायचं. साठ पीएसआयच्या आसपास बझर वाजला पाहिजे. तसंच दाबत राहिलं की २० ते ४५ च्या दरम्यान पिवळं बटण आपोआप बाहेर उडी मारून पार्किंग ब्रेक लागला पाहिजे. दोन मिनिटांचं काम. ज्याला ते रोज करायचं नाही, त्याने सेमी घेऊच नये.

माळरान:
डिस्क ब्रेक आणि रोजची तपासणी, दोन्हीला शंभर टक्के सहमत.

अश्विनी_के (ओक्लाहोमा):
सगळे प्रतिसाद मन लावून वाचले, कारण आमचा निर्णय याच महिन्यात व्हायचा आहे.

निवांत६२, लहान ट्रेलर आम्हाला चालणार नाही. मुलगा व्हीलचेअरवर आहे. मागे गॅरेज असलेला टॉय हॉलर घेतला, कारण मागची भिंतच रॅम्प होऊन खाली उतरते आणि तो स्वतःच्या हाताने चेअर चालवत घरात येतो. कुणी उचलायला लागत नाही. तो पंधरा वर्षांचा आहे, ही गोष्ट त्याच्यासाठी किती मोठी आहे ते सांगता येणार नाही. तेवढी जागा ४२ फुटांखाली आम्हाला कुठे मिळाली नाही.

सध्या ड्युअली आहे. मिस्टर म्हणतात व्यवस्थित ओढते. मला सेमीची भीती वाटते ती पायऱ्यांची. मुलाला एवढ्या उंच केबिनमध्ये चढवायचं कसं?

चंद्रभागा:
अश्विनीताई, रॅम्पवाली व्हॅन आहे का तुमच्याकडे? गावात फिरायला ती लागणारच. मग प्रवासातही मुलगा व्हॅनमध्ये तुमच्याबरोबर आणि मिस्टर ट्रकमध्ये, असं जमेल. तुम्हाला डेकही लागणार नाही, स्मार्ट कारही नाही.

निवांत६२:
ताई, माझं वाक्य तुमच्यासाठी नव्हतं. तुमच्या ट्रेलरचा एक फूटही कमी करू नका.

गॅरेजवाला:
ताई, कुणाच्या मतावर जाऊ नका, माझ्याही नाही. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रकचा वजनकाटा असतो. पाण्याच्या टाक्या भरून, गॅरेजमधलं सामान ठेवून, सगळी माणसं बसवून गाडी जोडून तोला. तिथे प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं छापून मिळतं. पिकअपच्या चालकाच्या दारावर पट्टी असते, तिच्यावरच्या आकड्यांशी ताडून बघा. आकडे इथे टाका.

अश्विनी_के:
तोलून आलो. पिकअपचा पुढचा अ‍ॅक्सल ५,१६०, मागचा ९,९८०, ट्रेलरचे अ‍ॅक्सल १७,४००. दारावर लिहिलंय: मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ९,७५०, पूर्ण गाडीची १४,०००.

गॅरेजवाला:
म्हणजे मागचा अ‍ॅक्सल २३० पौंड जास्त आणि पिकअप एकूण १,१४० पौंड जास्त. ट्रेलरच्या एकूण मर्यादेत तुम्ही असालही, पण पिन पिकअपवर बसते, आणि ते वजन तिला झेपणारं नाही. "व्यवस्थित ओढते" हे मिस्टरांचं म्हणणं खरं आहे आणि तरीही हे थांबवायला हवं. सामान इकडचं तिकडे करून २३० निघतील, १,१४० निघणार नाहीत.

जुन्या सेमीला माझा विरोध कायम आहे. तुमच्या जागी मी नवीन मध्यम आकाराचा ट्रक पाहीन, ज्याला मेकॅनिक आणि वॉरंटी दोन्ही मिळतात.

माळरान:
मध्यम ट्रक नवा घेतला तर लाखाच्या बराच वर जातो. ताई, जुना सेमी घेऊन वाचलेले पैसे मुलाच्या व्हॅनला लागतील. तुमच्या राज्यात ताफ्यांचे ट्रक विकणारे डीलर भरपूर आहेत. एक अ‍ॅक्सल काढून आखूड केलेला ट्रक दाखवला तर तो वळायला सोपा आणि टायर कमी, पण ओल्या गवतावर चाक फिरतं, तेही लक्षात घ्या. आणि ताफ्याने वेग ताशी ६५ मैलांच्या आसपास बांधलेला असतो, तो पासवर्डशिवाय उघडत नाही. पैसे देण्याआधी डीलरकडून काढून घ्या.

अश्विनी_के:
विम्याचा फोन आजच केला. पहिल्या कंपनीने नाही म्हटलं, दुसरीने मोटरहोम म्हणून नोंदणी झाली तर देऊ म्हणून ईमेल पाठवलाय. शनिवारी एक २०१७ चा ट्रक बघायला जातोय, चार लाख ऐंशी हजार मैलांचा. डीलरला सांगितलंय, ईसीएमचा रिपोर्ट आणि दुरुस्तीची फाईल आधी ईमेल करा, नाहीतर येणार नाही. गॅरेजवाला, फाईल आली की फॉल्ट कोड इथे टाकते. तुम्ही विरोधात आहात, म्हणूनच ते तुम्ही बघायला हवे आहेत.

गॅरेजवाला:
टाका. नॉक्स सेन्सर आणि डीपीएफ कधी बदलले त्याच्या तारखा आधी शोधा. आणि शनिवारी त्यांना सांगा, इंजिन आधी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू झालं पाहिजे.