चादरीचा तुकडा आणि बारा इंचांचा चौकोन

ताई, आपल्या गोधडीच्या या महिन्याच्या चौकोनात सोलापुरी चादरीचा तुकडा हवाच ही अट, आणि तुम्ही म्हणता, तुमचा बारा इंचांचा चौकोन भरतोय पावणेबारा! माझंही पहिल्यांदा तेच झालं. चादर जाड, शिवण दुमडली की तिथंच कापड खातं. शिवाय कापल्याबरोबर दशा सुटायला लागतात, त्यामुळे पाव इंचाची शिवण चादरीला पुरतच नाही.

मी चादर मधोमध ठेवते, भोवती जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांच्या दोन फेऱ्या. मधला चौकोन तयार चार इंचांचा हवा म्हणून पाच इंच कापायचा, म्हणजे चारही बाजूंना अर्धा इंच शिवणीला मिळतो. चादरीला लागणाऱ्या पट्ट्या पावणेतीन इंच, बाहेरच्या फेरीच्या अडीच. तयार पट्टी दोन इंचांची, शिवून झाल्यावर चौकोन साडेबारा. त्यातला कडेचा पाव-पाव इंच शेवटी चौकोन एकमेकांना जोडताना जातो. मशीनला सोळा नंबरची सुई लावा, टाका थोडा लांब ठेवा आणि शिवण दोन्हीकडे उघडून इस्त्री करा, एका बाजूला पाडू नका.

कापण्याआधी चादर धुऊन घ्या. माझ्या लाल चादरीनं शेजारची पांढरी पट्टी गुलाबी केली होती.

हां, आणि नक्षी बघून कापा. मी घाईत कात्री चालवली आणि मोराची चोच उडाली. आई म्हणाली, "कोंबडी छान आलीय." सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडबाजारातून नवं कापड आणायचा मोह झाला, पण कोंबडीच ठेवलीय.